हाताची शस्त्रक्रिया आणि कामाचं वर्ष
(डोळखांब येथील स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गात कधी कुणा मुलाला आजारापायी वेगळं बसवलं नाही, असं संयोजकांनी मला कळवलं होतं. ते वाचलं आणि विषय आपोआप ठरला. मी कुष्ठरोगाबद्दल बोलणार आहे, पण गोळ्या आणि चट्टे यांच्यापुरतं नाही. ते तुम्ही भिंतीवरच्या फलकांवर वाचलेलं आहे. मला बोलायचं आहे ते रोग बरा झाल्यावर मागे उरतं त्याबद्दल: वाकडी बोटं, फरफटणारं पाऊल, न मिटणारा डोळा, बसलेलं नाक. ही माणसं औषधाचा कोर्स पुरा करतात, सरकारी नोंदीत बरी होतात आणि तोच हात घेऊन घरी जातात. त्या हाताचं पुष्कळ काही करता येतं. ते होत का नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी शस्त्रक्रियागृहाबाहेर आहे, आणि त्यासाठीच मला डोळखांबला यावंसं वाटलं.

आधी रोगाची रीत सांगतो. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. तो अतिशय संथ वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून पहिली खूण दिसेपर्यंत वर्षं जातात. बहुतेक माणसांच्या शरीरात त्याला थारा मिळतच नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते. ज्यांच्यात मिळतो, त्यांच्यात तो शरीराचा थंड भाग पसंत करतो: कातडी, नाकाचं अस्तर, कानाच्या पाळ्या, आणि कातडीखालून अगदी वरवर जाणाऱ्या नसा. कोपराच्या आतल्या बाजूला जिथं धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिथली नस. मनगटाची नस. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडावरून वळणारी. घोट्यामागची. आणि चेहऱ्यावर पापणी मिटवणाऱ्या नसेच्या फांद्या. कुष्ठरोगाचा माणूस पाहिला की हाताची विशिष्ट बोटंच का वाकतात, पाऊल असंच का पडतं, हे कोडं राहत नाही. कुठल्या नसेला इजा झाली ते बोटं पाहूनच सांगता येतं.

नुकसान करतो तो मुख्यतः दाह. शरीर जंतूंवर तुटून पडतं, आणि त्या झटापटीत नस सुजते. नसेभोवतीचं आवरण काही सैल होत नाही, त्यामुळे आतल्या आत ती दबते, कधी तिच्यात गळूही होतं. ही झटापट औषध चालू असताना होऊ शकते, कोर्स संपल्यावरही होऊ शकते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात पडून असतात. डॉक्टर तिला रिॲक्शन म्हणतात. चट्टे अचानक लाल होऊन सुजतात, ताप येतो, कोपर ठणकतं. घरचे म्हणतात, औषध बाधलं, बंद करा. तीच वेळ औषध चालू ठेवून दवाखाना गाठायची असते. नस कमजोर होऊन सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा नेमाचा कोर्स मिळाला, तर हाताची ताकद पुष्कळदा परत येते. काही रुग्णांत नसेवरचं आवरण उघडून दाब मोकळा करावा लागतो. सहा महिने उलटून गेले की नस परत येण्याची आशा ओसरत जाते, आणि मग माझ्यासारख्या सर्जनचं काम सुरू होतं.

इथं एक गैरसमज मुळापासून काढायला हवा. कुष्ठरोगात बोटं सडून गळत नाहीत. बोटांना कळत नाही, म्हणून ती झिजतात. चुलीवरून भांडं उतरवताना चटका बसतो, समजत नाही. चहाचा स्टीलचा पेला धरला, समजत नाही. बिडी बोटांच्या बेचक्यात विझते आणि तिथं फोड येतो. घाम सुटणं बंद झालेलं असतं, त्यामुळे कातडी कोरडी पडून तडकते. वीटभट्टीवर दिवसभर चिखलात हात घातला की त्या भेगा खोल जातात. जखमेत दुखत नाही, म्हणून माणूस काम थांबवत नाही. जंतू शिरतात, हाड कुजतं, बाहेर पडतं, आणि बोट आखूड होतं. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या रुग्णांची बोटं रात्रीतून तुटलेली आढळायची. पहारा ठेवल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला पत्ता नव्हता. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला मांजर देऊ लागले. कुडाच्या भिंतींच्या घरात राहणाऱ्या माणसांना ही गोष्ट लांबची वाटू नये.

याच ब्रँड यांनी शस्त्रक्रियेचा रस्ता मोकळा केला. १९४७ मध्ये ते मद्रासजवळच्या चिंगलपेटच्या कुष्ठधामात डॉ. कॉक्रेन यांच्याबरोबर फिरत होते. वाकड्या बोटांच्या एका रुग्णाशी त्यांनी हात मिळवला, आणि त्या हाताची पकड इतकी जबरदस्त निघाली की ते कळवळले. लुळा म्हटलेल्या हातात एवढं बळ आलं कुठून? पुढच्या हाताचे मोठे स्नायू शाबूत होते. गेले होते ते फक्त तळहातातले बारीक स्नायू. तोवर समज असा होता की कुष्ठरोग्याचं मांस खराब, त्याला टाके घातले तर जखम भरायची नाही. ब्रँड यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि जखमा इतरांसारख्याच भरून आल्या.

आपल्याकडे हे काम डॉ. नोशीर अँटिया यांनी उभं केलं. १९२२ चा जन्म, २००७ मध्ये गेले. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकले आणि परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात हात, चेहरे, नाकं दुरुस्त करू लागले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग घडवला, आणि कुष्ठरुग्णावर उपचार इतर रुग्णांच्या बरोबरीनं सर्वसाधारण रुग्णालयात झाले पाहिजेत, असा आग्रह धरला. त्या काळी तो आग्रह धरणं सोपं नव्हतं. कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा त्यानंतरही कित्येक वर्षं पुस्तकात होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मानणारी कलमं तर २०१९ मध्ये निघाली. तुमच्यातल्या दहावीच्या मुलांच्या जन्मानंतरची ही गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

नाकाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रज फौजेच्या बैलगाडीवर काम करणारा कावसजी टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली, आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं ती रीत वापरून नाक केलं. आजची प्लास्टिक सर्जरी ज्या वाटेनं युरोपात गेली, त्या वाटेवर आपल्याकडचा एक वीटकामगार उभा आहे. मात्र कुष्ठरोगातलं बसलेलं नाक वेगळं असतं. बाहेरची कातडी धडधाकट असते. आतलं अस्तर आणि मधला पडदा नष्ट होऊन ती आत ओढली जाते. गिलीज यांनी हे ओळखलं. कपाळ कापायचं कारण नाही, आतली बांधणी मोकळी करून तिथं कातडीचं नवं अस्तर घालायचं आणि वरून आधार द्यायचा. अँटियांनी हे तंत्र आपल्या रुग्णांसाठी वापरलं. कानाच्या कडेचा भाग गेला असेल तर उरलेला कान सरकवून कड पूर्ण करण्याची त्यांची रीत, अँटिया आणि बुच यांच्या नावानं, १९६७ पासून जगभर वापरात आहे.

आता हात. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण शेतकऱ्याचं आणि मजुराचं सगळं हातावर आहे.

कोपराची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळाशी ताठ, पुढं आकड्यासारखं वाकडं होतं. मनगटाचीही गेली तर चारही बोटं वाकतात आणि अंगठा पंज्याच्या बाजूला पडून राहतो. अशा हातानं विळ्याची मूठ धरायला गेलं तर आधी बोटांची टोकं लागतात, मूठ पंज्यात येतच नाही. भाताचा घास घेता येत नाही, तो बोटांच्या मधून सांडतो. आवणीच्या वेळी रोपांच्या जुडीतून दोन-तीन काड्या वेगळ्या काढणं अशक्य होतं.

शस्त्रक्रियेचा विचार अगदी गावातला आहे. ज्याच्या घरी बैल जादा आहेत त्याचा एक मागून आणायचा आणि आपल्या नांगराला जुंपायचा. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या कंडरा दोन असतात आणि एकीवर काम भागतं. मधल्या बोटाची वरची कंडरा आम्ही सोडवून घेतो, तिच्या चार पट्ट्या करतो, आणि एकेक पट्टी तळहातातून ओढून एकेका बोटाच्या बाजूला जोडतो. ताण बसला की बोट मुळाशी वाकतं आणि पुढच्या पेरांत सरळ होतं. अंगठ्यासाठी करंगळीशेजारच्या बोटाची तशीच कंडरा मनगटाजवळून वळवून आणायची म्हणजे तो इतर बोटांसमोर उभा राहतो. दुसऱ्या एका रीतीत मनगट उचलणारा एक स्नायू घेतात आणि पायातली किंवा हातातली सहज वापरता येणारी बारीक कंडरा जोडून त्याची लांबी वाढवतात. कोणती रीत कुणासाठी, हे सांधे किती सैल आहेत आणि माणूस काय काम करतो यावर ठरतं. हात तेवढा बधिर करून हे होतं, रुग्ण आमच्याशी बोलत असतो.

पण त्याआधीचं पथ्य कडक आहे. रोगाचं औषध बरंच पुढं गेलेलं किंवा पुरं झालेलं पाहिजे. सहा महिन्यांत रिॲक्शन आलेली नको. हातावर एकही उघडी जखम नको. आणि बोटं दुसऱ्या हातानं सरळ केली तर पुरती सरळ झाली पाहिजेत. शेवटची अट सगळ्यात जास्त माणसांना अडवते. वर्षानुवर्षं वाकलेलं बोट सांध्यातच आखडतं, मग कितीही सुंदर कंडरा जोडली तरी ती हलवणार काय? म्हणून ज्याला आज शस्त्रक्रिया नको आहे त्यानंही रोज हात पाण्यात अर्धा तास भिजवावा, तेल लावावं, मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं एकेक बोट सरळ करावं. पाणी गार किंवा कोमट असावं, आणि ते घरच्या दुसऱ्या माणसानं हात घालून पाहिलेलं असावं, कारण रुग्णाच्या हाताला कढत कळणार नाही.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे प्लास्टर. ते काढल्यावर हात सरळ दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, झालं. खरं म्हणजे तिथून सुरुवात होते. मेंदूला अजून ठाऊक नसतं की मधल्या बोटाची दोरी आता चौघांना बांधली आहे. एका बाईंच्या शिकवणुकीच्या वेळी मी बसून राहिलो होतो. भातशेती आणि भट्टी, दोन्हीवर राबलेला हात. फिजिओथेरपीच्या ताई सांगत होत्या, मधलं बोट वाकवायचं मनात आणा. बाई कपाळाला आठ्या घालून हाताकडं पाहत होत्या आणि काहीच हलत नव्हतं. मग ताईंनी त्यांचा चांगला हात शेजारी ठेवायला लावला, दोन्ही हातांनी एकदम करा म्हणाल्या. थोड्या वेळानं शस्त्रक्रिया झालेल्या उजव्या हाताची चारही बोटं मुळाशी किंचित खाली झुकली. बाई घाबरून म्हणाल्या, “हे मी केलं का?” पुढचे काही आठवडे त्यांनी आधी कापसाचे बोळे उचलले, मग चिंचोके, मग तांदूळ. तांदळाचा दाणा चिमटीत धरता येतो का ते त्यांना डोळ्यांनी पाहावं लागत होतं, कारण बोटांना तो लागत नव्हता.

शस्त्रक्रिया हालचाल परत देते, स्पर्श परत देत नाही. सरळ झालेला हात आधीपेक्षा जास्त कामं करू लागतो, म्हणजे चटका बसण्याच्या संधीही वाढतात. म्हणून विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळायचं, चहा कानाच्या कपात घ्यायचा, पातेलं फडक्यानं धरायचं, आणि रोज रात्री दिव्याखाली हात-पाय उलटसुलट करून पाहायचे. हे घरातलं दुसरं कुणी पाहत असेल तर उत्तम.

पायाबद्दल थोडक्यात. गुडघ्याखालची नस गेली की पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. पिंढरीच्या आतला एक स्नायू पुढं आणून पाऊल उचलता येतं, त्याला प्लास्टर जास्त दिवस लागतं. तळव्याच्या जखमेला मलमांपेक्षा विसावा हवा असतो. पायाला पोटरीपर्यंत घट्ट बसणारं प्लास्टर घातलं की भार सगळीकडं सारखा पडतो आणि वर्षाची जखम सहा आठवड्यांत भरलेली मी पाहिली आहे. नंतर मऊ रबराच्या तळव्याची चप्पल लागते, जी सरकारी योजनेतून मिळते. जुनी जखम अचानक कडेनं वाढू लागली, फ्लॉवरच्या फुलासारखी वर आली, तर थांबू नका. तिथं कर्करोग होऊ शकतो आणि तेव्हा पाय वाचवण्यासाठी घाई करावी लागते. डोळा मिटत नसेल तर चावण्याच्या स्नायूची एक पट्टी पापण्यांतून फिरवतात. मग दात आवळले की डोळा मिटतो. जेवताना तो आपोआप मिटत राहतो, आणि झोपण्याआधी आवर्जून मिटायची सवय लावावी लागते. हे न केल्यानं बुबुळ सुकून दृष्टी गेलेली माणसं आहेत, आणि ज्याला हातानं स्पर्श कळत नाही त्याची दृष्टी जाणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. इतकं सगळं उपलब्ध आहे, शस्त्रक्रिया मोफत आहे, बुडालेल्या मजुरीपोटी शासन रुग्णाला टप्प्याटप्प्यानं पैसेही देतं. तरी शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर वाकड्या हाताची माणसं का दिसतात? डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि त्याबरोबर पुष्कळांच्या मनातून हा रोगच संपला. ठाणे-पालघरच्या आदिवासी भागात नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत लहान मुलंही असतात. हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त सलतं, कारण ते आपल्या हातातलं आहे.

शस्त्रक्रिया, प्लास्टर, शिकवण, सगळं धरून दोन महिने लागतात. डोळखांबच्या मजुराच्या वर्षात दोन महिने कुठं आहेत ते बघा. उन्हाळ्यात राब भाजणी. मृग लागला की पेरणी. आषाढात आवणी. दसऱ्यापासून कापणी, मग झोडणी. दिवाळी झाली की भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबच्या कुटुंब निघतं, कारण उचल आधीच घेतलेली असते आणि ती फेडायची असते. ते परत येतं पावसाच्या तोंडावर. मी ज्या शिबिरांत काम केलं ती बहुधा हिवाळ्यात भरायची. त्या दिवसांत ठाकूर, कातकरी, वारली वस्तीतला कर्ता माणूस घरी सापडणार कसा? त्याच्या नावापुढं “रुग्ण तयार नाही” असा शेरा पडतो. तो तयार नाही असं नसतं, तो भट्टीवर असतो.

उरतात ते श्रावण आणि भाद्रपद. आवणी उरकलेली, कापणीला अवकाश, बेणणी घरातल्या इतरांना जमते. पावसात प्लास्टर सांभाळणं कठीण, ओढे भरले की रस्ता तुटतो, हे मला मान्य आहे. म्हणून रुग्णाला दोन्ही महिने रुग्णालयातच ठेवावं लागेल, आणि त्यासाठी घरी धान्य पोचवावं लागेल. टप्प्याटप्प्यानं मिळणाऱ्या पैशातला पहिला हप्ता दाखल होतानाच मिळाला तर ते जमेल. ही मागणी मी आरोग्य खात्याकडे करत आलो आहे आणि या व्यासपीठावरूनही करतो.

बाकीचं काम गावाचं आहे. अँटियांनी १९७५ मध्ये फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ ही संस्था काढली आणि अलिबागजवळच्या मांडवा भागात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण घराघरांत त्यांचं जाणं-येणं होतं, आणि डॉक्टरला न दाखवलेला चट्टा शेजारणीला दाखवला जातो. इतका कुशल सर्जन शेवटी याच निष्कर्षाला आला, हे मला फार मोलाचं वाटतं. गावोगावच्या आशाताई, तुमच्याकडं आज तेच काम आहे.

तर ताई, भट्टीवर निघण्याआधी आणि परत आल्यावर, असं वर्षातून दोनदा प्रत्येक जुन्या रुग्णाच्या घरी एवढं करून पाहा. डोळे गच्च मिटायला सांगा, फट राहते का बघा. करंगळी बाजूला फाकवायला सांगा आणि बोटानं हळूच दाबून अडवा. तळहात वर ठेवून अंगठा छताकडं उभा करायला सांगा. बसल्या जागी पाऊल वर उचलायला सांगा. डोळे मिटलेले असताना बॉलपेनचं टोक तळहाताला आणि तळव्याला टेकवून, कुठं लागलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा. गेल्या वेळेपेक्षा काही कमी झालं असेल, तर सहा महिन्यांचं घड्याळ सुरू झालं आहे. त्याच आठवड्यात डोळखांबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. कमजोरी जुनी असेल आणि बोटं दुसऱ्या हातानं सरळ होत असतील, तर नाव श्रावणाच्या यादीत लिहा आणि मुकादमाकडून उचल घेण्याआधी त्या घरच्यांशी बोला.

ही यादी ज्येष्ठातच तयार झाली पाहिजे, कारण आवणी सुरू झाली की कुणाला बोलायला वेळ नसतो. मी येत्या ज्येष्ठात ती पाहायला येईन, आणि ज्यांचे सांधे आखडलेले आहेत त्यांच्यासाठी फिजिओथेरपीच्या ताईंनाही बरोबर आणीन. मुरबाडच्या बाजूच्या आशाताई आज इथं आल्या आहेत, त्यांनी आपल्या पाड्यांची नावं व्याख्यान संपल्यावर माझ्याकडं द्यावीत.